शेवटचा जोड लवूभावजींचा

मालन परब मोजायला चुकत नसे. तिचं कौतुक व्हायचं ते यासाठी, आणि खरं सांगायचं तर तिला गर्व होता तोही याचाच. साकीनाक्याला एका गाळ्यात ती विजेच्या रिलेची, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्याची, कॉइल गुंडाळायची. केसाहून बारीक तांब्याची तार, बोटभर लांबीची रिकामी रीळ आणि हाताने फिरवायचं मशीन. मशीनला फेरे मोजणारा काटा होता, पण त्याचे दात झिजलेले आणि मालकाला तो बदलायचा नव्हता. बाकीच्या बायका काट्यावर विसंबायच्या आणि ओरडा खायच्या. मालन मनात मोजायची. शंभर झाले की डाव्या पायाचं एक बोट जमिनीवर दाबायचं, पाचशे झाले की उजव्या पायाचं. मध्ये कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"मालन, तुझ्या घराला आग लागली तर गं?" शेजारच्या मशीनवरची शकु विचारायची.

मालन उजव्या पायाचं बोट दाबून झाल्यावर बोलायची, "हजार होईपर्यंत जळू दे."

ब्याऐंशीच्या संपात तिच्या नवऱ्याची, दशरथची, गिरणी बंद पडली ती पडलीच. तो पवईला एका सोसायटीत वॉचमन झाला. घाटकोपरला असल्फ्याच्या त्यांच्या खोलीत मालनने एक जुनं हातमशीन आणून बसवलं आणि सुटीच्या दिवशी पंखे, मिक्सर असं काय येईल ते गुंडाळून द्यायला लागली. त्यातच बेंजोचं काम आलं. ते आणलं लवूने. लवू दशरथचा चुलतभाऊ, त्याच गिरणीतला फिटर. गिरणी गेल्यावर तो अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला लागला आणि हळदी-बारशाला वाजवणारी एक बेंजो पार्टीही त्याने जमवली. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं आणि तारांच्या खाली पिकअप. पिकअप म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, लोहचुंबकावर गुंडाळलेली कॉइल. वर तार थरथरली की कॉइलमध्ये वीज थरथरते, ती अ‍ॅम्प्लिफायरमधून भोंग्यात जाते आणि चार गल्ल्यांची झोप उडते. मालनच्या हातचा पिकअप असला तर सहा गल्ल्यांची.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर लवू मरोळ गावठाणातल्या एका पोराला घेऊन आला. पोरगा म्हणजे तसा चोवीस वर्षांचा, एअरपोर्टवर कार्गोत नोकरीला, नाव क्लेटस. केस खांद्यापर्यंत, शर्ट काळा, पॅन्ट काळी. दशरथ कामावर निघाला होता. त्याने त्याला आपादमस्तक बघितलं आणि मालनला म्हणाला, "ह्येका केस कापूक पैसे दी गे," आणि गेला.

"आंटी, लवू बोलला तू पिकअप बनवतेस," क्लेटस म्हणाला.

"आंटी नको म्हणू. आंटी दारू विकते. मावशी म्हण आणि काय पाहिजे ते नीट सांग."

क्लेटसने सांगितलं. तो इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. परदेशी पिकअप इथे मिळत नव्हते, मिळाले तर त्याच्या पगारात बसत नव्हते, आणि इथे मिळणारे अगदीच मिळमिळीत होते.

"मला गोड आवाज नको, मावशी. गोड मी रविवारी चर्चमध्ये वाजवतो. मला गुरगुरणारा पाहिजे. तळहाताने तारा दाबून मारलं की धक्का छातीत बसला पाहिजे, आणि हात उचलला की किंचाळलं पाहिजे. पायाखाली माझी एक डबी असते, ती आवाज मुद्दाम फाडते."

"म्हणजे खराब आवाज पाहिजे."

"खराबच. पण स्वच्छ खराब."

लवू हसला. मालन हसली नाही. स्वच्छ खराब ही गोष्ट तिला एकदम पटली. तिने कपाटाच्या दारांना असतात त्या चुंबकी खटक्यांतले चपटे काळे लोहचुंबक काढले आणि तीन पिकअप बनवले. चार हजार फेऱ्यांचा कोरडा वाजला. सात हजारांचा दणदणीत वाजला, पण तोंडात भात कोंबून बोलल्यासारखा. क्लेटसने भराभर वाजवलं तर एक सूर दुसऱ्यात कालवला जायचा. साडेपाच हजारांचा बरोबर बसला. तेव्हा मालनला कळलं की या कामात जास्त गुंडाळलं म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, कुठे थांबायचं ते कळावं लागतं. दुर्दैव एवढंच, की तिला ते तारेपुरतंच कळलं.

साडेपाच हजारांच्या पिकअपलाही एक खोड होती. क्लेटसने डबीवर पाय दिला की आवाजाबरोबर ट्यूबलाइटची गुणगुणही फाडून मोठी व्हायची. तो थांबला तरी गुणगुण थांबायची नाही. बेंजोला हे चालतं, हळदीत कोण ऐकतंय?

मग पुढच्या शनिवारी क्लेटस फडक्यात गुंडाळून एक वस्तू घेऊन आला. परदेशी पिकअप. एकाऐवजी दोन कॉइल शेजारी शेजारी, बाजूने काळी कापडी पट्टी, सगळं मेणात बुडवून घट्ट केलेलं.

"माझ्या अंकलचा. शिपवर बँडमध्ये होता तो. गेला दोन वर्षांपूर्वी. गिटार आंटीने विकून टाकला, हा तेवढा राहिला. याच्यात गुणगुण अजिबात नाही, मावशी. पण दम पण नाही, अंकल डान्सचं वाजवायचा ना. मला असा डबल पाहिजे, पण दमाचा. बारा तारखेला कॉलेजची कॉम्पिटिशन आहे, आम्ही फायनलला आहोत. तू हा बाहेरून बघ, मीटर लाव, पण उघडायचा नाही हां. उघडणार नाहीस ना?"

"नाही रे बाबा."

"प्रॉमिस?"

"एकदा सांगितलं ना!"

रविवारी दुपारी दशरथ ड्यूटीवर होता. मालनने मीटर लावला. मीटरवरून तारेची लांबी अंदाजाने कळते, फेरे कळत नाहीत. अंदाज हा शब्द तिला शिवीसारखा वाटायचा. आता इथे सारवासारव करण्यात अर्थ नाही. उघडायची गरज नव्हती, खाज होती. परदेशातल्या कुणीतरी किती फेरे दिले असतील, आणि तो मोजायला आपल्याइतका पक्का असेल का, हे तिला बघायचं होतं.

तिने गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून मेण मऊ केलं. पट्टी न फाडता सोडवली. आत तार गडद तपकिरी होती, चिंचेच्या बोटकासारखी. पन्नास फेरे उलटे काढून बघू, परत चढवू, असं तिने स्वतःला सांगितलं. अशी बारीक तार एकदा उतरली की परत चढत नाही, हे तिला बारा वर्षं ठाऊक होतं. पन्नास झाले. पाचशे झाले. डाव्या पायाची बोटं, उजव्या पायाची बोटं. तार तीनदा तुटली आणि ती थांबली नाही. पाच हजार एकशे चार. तिला आनंद झाला! हे लिहायला जड जातं, पण झाला.

मग ती भानावर आली. मांडीवर तपकिरी तारेचा गुंता पडला होता, विंचरल्यावर निघतं तसं गुंतवळ. एक कॉइल गेली होती. एक आपल्या हातची आणि एक परदेशी अशी जोडी जमणार नाही, म्हणून तिने दुसरीही उतरवली. पाच हजार एकशे नव्वद. परदेशातला माणूस मोजायला पक्का नव्हता.

तिने दोन्ही कॉइल कारखान्यातून आणलेल्या तारेने नव्या गुंडाळल्या. क्लेटसला दम हवा होता म्हणून प्रत्येकीवर पाचशे फेरे वरून दिले. मनाची समजूत अशी, की आपण त्याचं भलंच करतोय. टोकं जोडली, मेणात बुडवलं, जुनीच पट्टी डिंकाने चिकटवली. मीटर लावला, बरोबर. गुंतवळ तिने बामच्या रिकाम्या बाटलीत कोंबलं आणि बाटली फळीवर डाळीच्या डब्यामागे ठेवली.

बुधवारी क्लेटस आला तेव्हा ती म्हणाली, "डबल मला जमणार नाही रे. तुझा आहे तोच लाव."

"हात नाही ना लावला?"

"नाही."

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तालीम होती. गिटारमध्ये पिकअप बसवायचं आणि वायरीला कथलाचा डाग द्यायचं काम लवूचं. क्लेटसने मालनलाही बोलावलं होतं, "मावशी, ये ऐकायला, अंकलचा पिकअप ऐक." ती गेली, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. ढोल-झांजा मांडून बसलेला एक, दुसरा गिटारवाला एक, आणि दाराशी गावठाणातली आठदहा माणसं. क्लेटसने डबीवर पाय ठेवला आणि हात मारला.

पत्र्याच्या डब्यात डास कोंडल्यासारखा आवाज आला. सूर बारीक, किरटे, आणि त्यावर गुणगुण एवढी की दाराशी उभी असलेली माणसं पंख्याकडे बघायला लागली. क्लेटसने बटणं फिरवली, वायर बदलली, परत मारला. तेच.

 तो लवूकडे वळला.

"लवू, सोल्डरिंग किती वेळ धरलंस?"

"जेवढा धरायचा तेवढाच धरला."

"जाळलास तू! तुला बेंजो आणि भोंगे कळतात रे, हे काय पत्र्याचं काम आहे? माझ्या अंकलची एकच वस्तू होती माझ्याकडे. एकच!"

दाराशी कोणीतरी म्हणालं, "या मिलवाल्यांच्या हातात असली नाजूक वस्तू द्यायचीच कशाला?"

लवूने मालनकडे बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. मग तो खाली बघून म्हणाला, "तापला असेल जास्त. माझं चुकलं असेल."

 मालनला बोलायचं नव्हतं असं नाही. 'क्लेटस, ते माझं काम' एवढे चार शब्द होते. ते तिने मनात मोजलेसुद्धा. मग आपली चप्पल शोधायला लागली.

मरोळमध्ये तीन-चार मुलं लवूला गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला द्यायची. शनिवारी दोघांनी आपले परत नेले. रविवारी तिसरा आला. हे मालनला लवूच्या बायकोने, सुगंधाने, पाण्याच्या रांगेत सांगितलं. "ह्यांचा हात जड झालाय म्हणे, मालनवहिनी. पंधरा वर्षं मशीनवर काम केलं, एक सुई मोडली नाही कधी. असं कसं झालं?" मालन म्हणाली, "बघू या, होईल ठीक," आणि भरायच्या आधीच हंडा उचलला.

मंगळवारी कारखान्यात ती रिलेच्या दोन कॉइल एकमेकींना जोडत होती. रोज करते तसंच. पहिलीचा शेवट, दुसरीची सुरुवात. दोन्ही कॉइलींनी एकाच बाजूला ओढायचं, तरच रिलेचा खटका बसतो. बारा वर्षांत हा जोड तिने किती हजार वेळा दिला असेल. आणि एकदम तिचा हात थांबला. रविवारी दुपारीही तिने हाच जोड दिला होता, न बघता, सवयीने. गिटारच्या डबल पिकअपचा धर्मच वेगळा. त्यातल्या दोन कॉइली लोहचुंबकाच्या दोन उलट तोंडांवर बसतात, म्हणून जोडतानाही त्यांनी एकमेकींच्या उलट उभं राहायचं असतं, तरच बाहेरची गुणगुण एकमेकींत मरते आणि तारांचा आवाज तेवढा उरतो. तिने जोड दिला रिलेचा. गुणगुण दुप्पट झाली आणि आवाज मेला. परदेशी माणसाने शेवटाला शेवट जोडला असणार. तो जोड तिने घाईत कात्रीने कापला होता, बघून न ठेवता. फेरे मोजायच्या नादात.

"मालन, आकडा विसरलीस?" शकुने विचारलं.

"हो," मालन म्हणाली. गाळ्यात हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. शकुने मशीन थांबवून तिच्याकडे बघितलं.

गुरुवारी ती लवूला घेऊन मरोळला गेली. लवू यायला तयार नव्हता. "वहिनी, माका खय नेतंस? तो पोरगो परत बोलतलो."

"चला भावजी. पिकअप सुधारेल."

हॉलमध्ये क्लेटस एकटाच होता. मालनने पिकअप काढायला लावला, पट्टी थोडी सोडवली, आपलाच जोड कापला आणि शेवटाला शेवट दिला. दहा मिनिटांचं काम. वाटेत शंभर वेळा घोकलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. जिभेवरून ते असं उतरलं, "आतला जोड सैल झाला होता रे."

क्लेटसने डबीवर पाय ठेवला. आधी गुणगुण नाही. काहीच नाही, कावळ्याचं ओरडणंही बाहेरून ऐकू आलं. मग त्याने तारा दाबून हात मारला आणि हॉलच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. जड, काळा, फाटलेला आवाज, तरी प्रत्येक सूर वेगळा. स्वच्छ खराब. मालनच्या छातीत तो धक्का बसला आणि अर्ध्या क्षणापुरती ती खूश झाली.

"अंकल!" क्लेटस छताकडे बघून ओरडला. "मावशी, बघितलंस? एवढा दम होता याच्यात, मलाच कधी सापडला नाही. फॉरेन ते फॉरेन! तुझ्या हातात जादू आहे, यार." मग लवूकडे वळून, पण आता रागाने नाही, मोठ्या मनाने, आणि तेच वाईट होतं, "जाऊ दे लवू. जोड तुझ्याकडून जळला, मावशीने सुधारला. होतं असं. फक्त आता गिटारला हात नको लावू, ओके?"

"ओके," लवू म्हणाला.

म्हणजे आधी नुसता संशय होता. आता मालनने स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का मारला होता.

बसस्टॉपवर दोघं उभे राहिले. अंधेरीकडून येणाऱ्या गाड्यांची धूळ तोंडावर येत होती. मालन म्हणाली, "भावजी, तुम्हाला काही कळलं होतं का?"

लवूने खिशातून तंबाखू काढली, मळली, आणि मळून झाल्यावर बोलला.

"तुझी गाठ कळत नाय काय माका, वहिनी? टोकाला तीन वेढे आणि मागे मुडपलेली. बेंजोचे तीसेक पिकअप बसवले असतील मी तुझ्या हातचे. डाग देताना बघितलीच. फॉरेनच्या वस्तूत मालन परबची गाठ कशी येईल?"

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत हो? एवढं सगळं ऐकून घेतलंत!"

"तू बोलशील म्हणून थांबलो," लवू म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उलट काही बोलता आलं असतं.

बस आली. मालन चढली. परत फिरून हॉलमध्ये जायला पाच मिनिटंही लागली नसती. तिने तिकीट काढलं.

बारा तारीख झाली. क्लेटसच्या बँडला तिसरा नंबर मिळाला आणि गिटारच्या आवाजाची फार वाहवा झाली, अंकलचा पिकअप कॉलेजभर गाजला. क्लेटस पेढे घेऊन असल्फ्याला आला. मालनने पेढा हातात घेतला आणि तो तोंडात जाईना. खाल्ला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिने पेढा बशीत ठेवला, डाळीच्या डब्यामागून बामची बाटली काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"तुझ्या अंकलची तार."

मग तिने सांगितलं. रविवारपासून बसस्टॉपपर्यंत, मधलं काही न गाळता. दशरथ बाजूला बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो फक्त म्हणाला, "अगे, ह्यां काय करून ठेवलंस?" आणि सदरा घालून बाहेर निघून गेला. त्याला तिच्याकडे बघवेना.

क्लेटसने बाटलीचं झाकण उघडलं. गुंतवळ चिमटीत धरून उजेडात बघितलं. ओरडेल, अशी मालन वाट बघत होती. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी प्रॉमिस घेतलं होतं तुझ्याकडून," तो म्हणाला.

"हो."

"आणि लवूला माहीत होतं? मी सगळ्यांसमोर त्याला बोललो तेव्हा?"

"हो."

"म्हणजे तो तुझ्यासाठी गप्प बसला, तू स्वतःसाठी गप्प बसलीस, आणि चर्चच्या हॉलमध्ये गाढव झालो मी." त्याचे कान लाल झाले होते. "आता मी कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे, मावशी? तू मला कशाला या चिखलात ओढलंस?"

 आपली लाज आपल्यापुरती असते, असं मालन इतके दिवस धरून चालली होती. तीही बेरीज चुकली.

ती उठली, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाली, "चल. मी पुढे होते."

लवूची खोली दोन गल्ल्या सोडून. तो बेंजोच्या तारा बदलत बसला होता. दारातच मालनने मोठ्याने, सुगंधाला आणि शेजारच्या दोन बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की पिकअप मी उघडला, मी बिघडवला, भावजींचा हात जड नाही. आवाज तिचा चिरका निघाला. क्लेटस इंग्रजीत सॉरी म्हणाला, मग मराठीत काय म्हणायचं ते न सुचून लवूच्या पायाजवळ पडलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला. लवू म्हणाला, "बस. चाय घेतलंस?"

सुगंधाने चहा केला. मालनचा कप तिने हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. मालनने तो प्यायला.

मरोळच्या मुलांपैकी दोघं लवूकडे परत आले. बाकीचे आले नाहीत, त्यांनी तोवर दुसरा माणूस धरला होता, आणि खरं काय ते घरोघरी जाऊन सांगायला कोणाला वेळ असतो? क्लेटसने पिकअप ठेवला. तो बदलला नाही आणि त्याला अंकलचा म्हणायचंही सोडलं. बामची बाटली तो घेऊन गेला. आणि मालनला पुन्हा कधी मावशी म्हणाला नाही. आंटी म्हणायला लागला. तिने त्याला टोकलं नाही.

पुढे डबल पिकअपचं काम मालनकडे बरंच आलं. अंधेरीहून, वांद्र्याहून, एक तर पार वसईहून. सगळ्यांना तसाच आवाज हवा असायचा, जड आणि स्वच्छ. ती दोन्ही कॉइल गुंडाळायची, फेऱ्यांचे आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची, आणि चारही टोकं तशीच मोकळी सोडून पिकअप गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची.

"याला जोड नाही दिला?" गिऱ्हाईक विचारायचं.

"शेवटचा जोड लवूभावजी देतात. दोन गल्ल्या सोडून. त्यांच्याकडून बघून घे, मगच ने."

लोकांना वाटायचं, बाईला आता जवळचं दिसत नसेल. मालन ते खोडून काढत नसे. तिची नजर शाबूत होती, सत्तराव्या वर्षीसुद्धा ती बिनचष्म्याने सुईत दोरा ओवायची.